डब्यात जागा नाही

दहिसरच्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहणाऱ्या सुंदराबाईंना सगळं चालायचं, फक्त आपल्या मालिकेत कोणी लुडबुड केलेली खपायची नाही. मालिका कोरियन, माणसं बोलायची हिंदीत, आणि नायक कधीपासून कोमात पडलेला. सुंदराबाईंनी पालिकेच्या दवाखान्यात आयाची नोकरी केली होती. केसांचा भांगसुद्धा न विस्कटणारा कोमा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी बघायच्या.

सगळी भांडणं टीव्हीला जोडलेल्या काळ्या डब्यावरून व्हायची. मुलाने, सम्यकने, तो लग्नाआधी घेतला होता. इंटरनेटवरच्या मालिका, मॅच सगळं दाखवायचा, पण आता म्हातारा झाला होता. पोटात मोजकीच अ‍ॅप्स मावायची. नवं घालायचं तर जुनं काढायचं. सम्यक फुटबॉलसाठी आईचं अ‍ॅप उडवायचा, आई कोरियासाठी त्याचं. सून सपना गप्प असायची. तिचं अ‍ॅप तर कधीच गेलं होतं आणि ते कोणाच्या लक्षातही नव्हतं.

रविवारी सकाळी नायक डोळे उघडणार होता. सुंदराबाई चहा घेऊन बसल्या, टीव्ही लावला, तर अ‍ॅप गायब.

"सम्या, मेल्या, माझा कोमावाला कुठाय?"

"काल मॅच होती ना, आई. डब्यात जागाच नाही, मी काय करू?"

"घरात जागा नसली की माणूस माळा काढतो. याला पण काढ!"

सम्यक फिदीफिदी हसला. सपनाने मात्र फोनवर शोधलं आणि म्हणाली, "आई बरोबर बोलतायत. या डब्याला मागे मेमरी कार्डाची खाच आहे. कार्ड घातलं की जास्तीची अ‍ॅप्स त्यात राहतात."

"बघ!" सुंदराबाई म्हणाल्या. आपण नेमकं काय बरोबर बोललो ते त्यांनाही कळलं नव्हतं.

सम्यकच्या जुन्या फोनमधलं कार्ड कपाटाच्या खणात सापडलं. नखाएवढं. खाच नीट दिसावी म्हणून सम्यक बॅटरी आणायला आत गेला, तेवढाही धीर सुंदराबाईंना निघेना. दिसली ती फट आणि ढकललं कार्ड.

"गेलं आत! झकास!"

"आई! ती हवा जायची फट आहे!"

डबा हलवला तर आत खुळखुळा. सम्यकने सुरीच्या टोकाने झाकण उचकटलं, बोट कापून घेतलं, आणि कार्ड टुणकन उडून सोफ्याखाली गेलं. तिथून ते बाहेर आलं तेव्हा त्याच्यासोबत दिवाळीची एक चकली पण आली.

खरी खाच मागे, वायरीच्या शेजारी होती. सपनाने कार्ड हळूच दाबलं. टक् झालं. टीव्हीवर सूचना आली, ती तिने मोठ्याने वाचली, "कार्ड फॉरमॅट करावं लागेल. त्यातलं सगळं पुसलं जाईल."

"थांब, थांब!" सम्यक ओरडला. "त्यात माझे जिममधले फोटो आहेत!"

सपनाने नवऱ्याच्या पोटाकडे एक नजर टाकली. "कुठलं जिम?" असं म्हणून तिने बटण दाबून टाकलं.

डबा बंद होऊन चालू झाला. कोरिया आला, फुटबॉल आलं, सपनाचंही अ‍ॅप आलं. माय-लेक खुशीत सोफ्यावर टेकले, आणि मगच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. अ‍ॅप्स कितीही मावली तरी टीव्ही एकच होता. आणि रिमोट सपनाच्या हातात.

तिने आपली मालिका लावली. नवऱ्यांचा काटा काढणाऱ्या बायकांची.

"हे तू कधीपासून बघतेस गं?" सुंदराबाईंनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून. मग तुम्ही उडवलंत, आई."

सुंदराबाईंना एकदम ओशाळल्यासारखं झालं. आपण दोघं मायलेक एवढे भांडलो, पण या पोरीला काय बघायचंय ते एकदाही विचारलं नाही. त्या मुकाट्याने बघत बसल्या. पडद्यावरच्या बाईने चहात पुडी सोडली तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"चहात कसली घालते? पहिल्याच घोटाला चव कळेल. झणझणीत रश्श्यात घालायची."

"हो ना," सपना सरकून त्यांच्या जवळ बसली. "मी पण तेच म्हणते."

सम्यकने हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला. दुपारी तो मालाडला मित्राकडे जेवला.