रूलोफच्या मरणासाठी घेतलेला डायनॅमो

मित्रांनो, टायरला गाल घासला की किंचाळणारा आणि त्या किंचाळण्यातून उजेड काढणारा मी सायकलचा एक वयस्कर डायनॅमो आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे कोणी मला प्रेमाने जवळ घेतल्याचं आठवत नाही. पण तपासणाऱ्या बाईंनी मला फिरवून 'हा जरा जास्तच ओरडतो' असा शेरा मारला होता. मी ते कौतुक समजलो.

मला विकत घेतलं लामर्टने, ट्वेंटे भागातल्या एका कालव्याकाठच्या गावात. त्याचा शेजारी रूलोफ मरायला टेकला होता. आमच्याकडे माणूस गेला की घरोघर बातमी पोचवायचं काम पहिल्या, म्हणजे सगळ्यात जवळच्या, शेजाऱ्याचं. नातेवाइकांनी रडायचं, शेजाऱ्याने सायकल मारायची. हिवाळ्यात दुपारचा चहा होईतो अंधारून येतं, कालव्याला कठडा नाही, आणि लामर्टला अंधारात धड दिसत नसे. त्याला दिवा हवाच होता.

दुकानातून दोन नमुने घेऊन तो थेट रोग्याच्या उशाशी आला. एक सेलवर चालणारा दिवा, आणि दुसरा मी. रूलोफची बायको फेना हिने सगळ्यांना कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मरणाऱ्यालाही एकच.

रूलोफने सेलचा दिवा उलटापालटा करून पाहिला. "हा नको. मी थोडं जास्त टिकलो तर सेल माझ्या आधी जातील."

"मग तू किती टिकणार आहेस?" लामर्टने विचारलं. त्याला दुकानदाराला उत्तर द्यायचं होतं.

"ते काय माझ्या हातात आहे? तो दुसरा फिरवून दाखव."

लामर्टने सायकल घरात आणली, पलंगाशेजारी उलटी उभी केली, मला टायरला टेकवलं आणि पुढचं चाक हाताने गरागरा फिरवलं. मी जीव तोडून ओरडलो. भिंतीवर पिवळा उजेड पडला.

"हाच घे," रूलोफ समाधानाने म्हणाला. "लोकांना लांबूनच कळलं पाहिजे, मी गेलो म्हणून."

मित्रांनो, एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पण रूलोफ गेला नाही. ताकात शिजवलेली जवाची पेज खाऊन तो उठून बसला, काठी टेकत गोठ्यापर्यंत जाऊ लागला, आणि नाताळ आला तोवर फेनावर खेकसूही लागला. डॉक्टरांचा चेहरा पडला. लामर्टला मात्र आनंद झाला. आता दिवा बसवलाच आहे तर वापरावा, म्हणून तो मला लावून तंबाखू आणायला निघाला.

मला कशासाठी घेतलंय हे गावभर झालं होतं; माझा आवाज ऐकताच घरोघरी शोकाचे पडदे ओढले गेले. बेकरीवाल्याने मर्तिकाचे पाव भट्टीत घातले. सुतार शवपेटीचं माप घ्यायला पोचला, तर दार उघडलं खुद्द रूलोफने. आलोच आहे तर, म्हणून सुताराने माप घेतलं.

असं वरचेवर व्हायला लागल्यावर रूलोफ वैतागून लामर्टकडे आला.

"शेजारी, तो डायनॅमो चाकावरून उचल. तंबाखू तुला लागते आणि मरायला मला लागतं."

"अरे, पण मला अंधारात दिसत नाही."

"रस्ता तोंडपाठ आहे तुला. मी खरंच गेलो की लाव. तोवर जपून ठेव त्याला."

लामर्टची बायको यान्ना हिचंही तेच म्हणणं पडलं, की लोकांच्या जिवाला उगाच घोर नको. लामर्ट मुळात ऐकणारा माणूस. त्याने मला टायरपासून दूर केलं, तेल दिलं, पुसलं आणि सायकलवरच फडक्यात गुंडाळून टाकलं. माझी इतकी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी धुकं पडलं होतं. लामर्ट कालव्याच्या कडेने घरी येत होता. मी त्याच्या सोबतच होतो, टायरपासून बोटभर लांब. वळण आलं, ते त्याला दिसलं नाही. सायकल काठावरच्या लव्हाळ्यात अडकली. लामर्ट अडकला नाही.

लामर्टचा पहिला शेजारी रूलोफ, म्हणजे बातमीची फेरी रूलोफची. त्याची स्वतःची सायकल आजारपणात मेहुण्याने 'आता तुला कशाला लागते' म्हणत नेली होती. म्हणून त्याने लामर्टचीच घेतली. माझं फडकं सोडलं, मला टायरला टेकवलं आणि आम्ही ओरडत निघालो.

लोक काळे कपडे घालूनच दार उघडत होते, आणि समोर रूलोफ. एक बाई चक्कर येऊन पडली. एकाने त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "आता स्वतःची बातमी स्वतःच द्यायची पद्धत आलीय का?" रूलोफने लामर्टचं नाव सांगितलं. मग त्या माणसाने टोपी काढून हातात घेतली.

शेवटचं घर ग्रीता आजीचं. रूलोफ उतरला, चाक थांबलं, मी विझलो. अंधारातच त्याने बातमी सांगितली. आजीने विचारलं,

"त्याच्या सायकलला दिवा नव्हता का रे?"

"होता."

"मग?"

"मीच म्हटलं होतं, लावू नकोस."

आजीने दार लावून घेतलं.

मित्रांनो, मला तेल देऊ नका, पुसू नका, फडक्यात तर मुळीच गुंडाळू नका. अंधार पडला की टायरला टेकवा, एवढंच. मी ओरडेन. कोणी दचकलं, तर दचकू दे.