मी सॅम्पल फ्लॅट

मित्रांनो, मी एक नवा कोरा फ्लॅट आहे. पण नवा राहून राहूनच जुना झालो. चौथ्या मजल्यावर, लिफ्टसमोर. मला सगळे 'सॅम्पल फ्लॅट' म्हणतात. म्हणजे बघायचं मला आणि विकत घ्यायचं दुसऱ्याला.

गवंड्यांनी उभं केलं तेव्हा मी बाकीच्या भावंडांसारखाच होतो. मग मला सजवायला माणसं आली. मी ऐसपैस दिसावं म्हणून आतल्या खोल्यांना त्यांनी दारंच बसवली नाहीत. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लास्टिकची. पलंग तर मुद्दाम पाचच फूट लांबीचा करून घेतला. हत्तीचे दाखवायचे दात म्हणतात ते हेच. येणारा जाणारा तोंडभरून कौतुक करी आणि मी फुलून जाई. पण संध्याकाळी विक्रीच्या बाई दिवे मालवून कुलूप लावत. मग त्या कौतुकाचं काय करायचं, हे मला कळत नसे.

एके दिवशी एक नर्स आपल्या वडिलांना घेऊन आली. वडील उंचेपुरे, म्हातारे सुतार. गुडघे दुखत होते, म्हणून न विचारताच पलंगावर आडवे झाले. माझ्याकडे अंग टेकणारा हा पहिला माणूस. पोटऱ्यांपासून त्यांचे पाय बाहेर लोंबत होते.

"काका, तो फक्त बघायला आहे," बाई लगबगीने म्हणाल्या.

"बघतोच आहे. पलंग खोटा आहे. खोली तरी खरी आहे का?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की हो, खरी आहे. म्हातारबुवांनी उठून खिशातून टेप काढला, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं आणि लेकीला म्हणाले, "दाराला जागा सोडूनही माझा पलंग मावतो गं. हेच घर घे."

माझा आनंद गगनात मावेना. पण बाकी सगळे विकले जाईपर्यंत सॅम्पल फ्लॅट विकत नाहीत. बाईंनी त्यांना हुबेहूब माझ्यासारखाच, माझ्या डोक्यावरचा फ्लॅट दिला.

आता वर खुर्च्या सरकतात, भांडी पडतात. परवा म्हातारबुवा गॅलरीत बसून एका दाराला रंधा मारत होते. लाकडाची चार सालपटं उडून माझ्या गॅलरीत आली. बाईंनी ती लगेच झाडून घेतली. मला ती हवी होती.

म्हणून सांगतो मित्रांनो, आपल्या घराची काळजी घ्या, पण त्याला फार जपू नका. धाकट्या भावंडाने भिंतीवर रेघोट्या मारल्या तर रागवा खुशाल, पण एखादी राहू द्या. माझ्या भिंती अजून पांढऱ्याशुभ्र आहेत, आणि रोज सकाळी त्या तशाच असतात.