न ऐकलेला धडा

चाचणीचे पेपर वाटून झाल्यावर विज्ञानाच्या बाईंनी इस्त्रीवाल्याच्या मुलाला टेबलापाशी बोलावलं. चाळीसपैकी नऊ. पोराने उत्तरं पुस्तकातली शब्दन् शब्द उतरवली होती, फक्त चौथ्याचं उत्तर पाचव्या प्रश्नाखाली आणि पाचव्याचं चौथ्याखाली. घोकंपट्टीचं असंच असतं, एकदा गाडी घसरली की सगळीच घसरते.

बाई रागावल्या नाहीत. वीस वर्षं प्रत्येक वर्गाला सांगत आलेली युक्ती त्यांनी त्यालाही सांगितली. शिकलेला धडा रोज घरी कुणाला तरी शिकवायचा. ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला. तो विचारेल आणि आपण जिथं अडू, तेवढंच पुन्हा वाचायचं.

"आहे का असं कुणी घरी?"

"आहे की. ताई आहे," पोरगा म्हणाला. "तिला काहीच येत नाही."

आता या काहीच न येणाऱ्या ताईबद्दल सांगायला हवं. ती त्याच्याहून वर्षाने मोठी. सातवीपर्यंत तिने पहिला नंबर सोडला नव्हता. मग आईची मनगटं दुखायला लागली, इस्त्रीच्या टेबलापाशी दोन हात कमी पडले, आणि घरात चार हात रिकामे असताना नेमके तिचेच दोन उचलले गेले. धाकट्याचे हात पुस्तकासाठी राखून ठेवलेले होते ना! कायम काही ना काही विचारायची म्हणून घरात तिला चौकशी म्हणत. "आली आमची चौकशी," म्हणून बाप कौतुकाने हसायचा. हसायचा, उत्तर मात्र द्यायचा नाही.

तीन महिन्यांनी पोराला चाळीसपैकी चौतीस मिळाले. बाईंना राहवेना. शाळा सुटल्यावर त्या शाबासकी द्यायला थेट त्याच्या घरी निघाल्या.

पुढच्या खोलीतच दुकान होतं. लांब टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर इस्त्रीचे तपकिरी डाग, भिंतीकडे कपड्यांची गाठोडी. पोरगा स्टुलावर बसून उष्णतेचा धडा सांगत होता आणि चौकशी शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होती. तिने हात थांबवला नाही, नुसतं विचारलं, "ओल्या कापडावर ठेवली की इस्त्री लवकर निवते. पाणी तर वाफ होऊन जातं. मग जाताना ते इस्त्रीचं काय घेऊन जातं?"

पोराने पान मागे उलटलं, पुढे उलटलं. बाई दारातच उभ्या राहिल्या. वीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी आत येऊन उत्तर दिलं, आणि दिवसभर शिकवून दमलेल्या त्या बाई अर्धा तास बोलत राहिल्या. किती दिवसांनी शिकवायला मजा आली, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी बापाकडे विषय काढला. मुलीला बाहेरून परीक्षेला बसवू, अर्ज मी भरते, पुस्तकं माझी. बापाने अदबीने ऐकून घेतलं.

"बाई, तिचं ठरलंय. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

"अहो, सोळा वर्षांची आहे ती."

"माणसं चांगली आहेत. त्यांचाही धंदा हाच. तिला काही नवीन शिकावं लागणार नाही."

आई इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालत होती. ती हळूच म्हणाली, "मला एवढीच काळजी लागलीय, बाई. परीक्षा तोंडावर आलीय, आता हा शिकवेल कुणाला?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. युक्ती त्यांचीच होती. पोरीने मान वर केली नाही, पुढचा शर्ट ओढला.

बाई हात बांधून बसल्या नाहीत, हे खरं. त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुलगी आपल्या पटावर नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या सरकारी कचेरीत गेल्या, लेखी तक्रार दिली. कचेरीतून दोन माणसं चौकशीला आली. लग्नबिग्न काही ठरलेलं नाही, असं बापाने सांगितलं, ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि ती माणसं निघून गेली. तक्रारीचा एवढाच परिणाम झाला, की लग्न आठ दिवस अलीकडे आलं आणि गुपचूप नवऱ्यामुलाच्या घरी उरकलं.

पुढच्या सोमवारी पोराने बाईंसमोर एक वही ठेवली. ताईने दिलीय, म्हणाला. आजवर तिने विचारलेले सगळे प्रश्न तिने धड्यांप्रमाणे लिहून काढले होते, म्हणजे उजळणी करताना भावाचं अडायला नको. तेरा धड्यांचे एकशे बारा प्रश्न. चौदाव्या धड्याचं नाव घालून खाली दोनच ओळी होत्या.

"हा धडा तू मला शिकवायचा राहिला. त्यामुळे यात काय विचारायचं ते मला कळत नाही."

तेच ते अलीकडे आलेले आठ दिवस. बाईंनी वही मिटली आणि भर वर्गात त्यांना रडू आलं. पोरगाही रडला. त्याला चांगले मार्क पडले, पेढे वाटले गेले. तिकडे सासरी ताई कुणाकुणाचे कपडे इस्त्री करत असेल, तिच्यापर्यंत पेढा पोचला की नाही कोण जाणे.

जूनमध्ये नव्या वर्गाला बाईंनी तीच युक्ती सांगितली. दुसरी त्यांना येत नव्हती आणि ही खोटीही नव्हती. फक्त या खेपेला, घरी कुणाला शिकवणार ते चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणाल्या. अडतीस चिठ्ठ्या आल्या. अकरा चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं, बहीण, घरीच असते.

अकरा घरं आणि बाई एकट्या. त्यांनी अकरा चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या आणि शाळा सुटल्यावर पहिल्या घराचा रस्ता धरला. तिथं काय ऐकावं लागणार, ते त्यांना पाठ होतं. तुमच्या घरातल्या मुलाने चिठ्ठी लिहिली असती, तर त्याने कुणाचं नाव घातलं असतं, तेवढं जरा आठवून पाहा. ती आत्ता आतल्या खोलीत असेल.