या म्हणायचं आणि हाकलायचं

कॉम्प्युटर सुरू होत होता, त्यात वाद नव्हता. पंखा घरघरायचा, हिरवा दिवा लागायचा, पडद्यावर निळं आभाळ यायचं आणि तो पासवर्ड मागायचा. मास्तर एका बोटाने पासवर्ड टाकायचे. 'सुस्वागतम' अशी पाटी यायची. मास्तर खुर्ची पुढे ओढतात न ओढतात तोच पाटी बदलायची, 'बाहेर पडत आहे', आणि स्वारी पुन्हा पासवर्ड मागायला उभी.

"असलं यजमानपण मी जन्मात पाहिलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "या म्हणायचं आणि हाकलायचं."

"तुम्ही बोलूच नका, आई. तुमच्या पत्त्यांनी हा दिवस दाखवलाय."

"माझे पत्ते? पुसापुशी कोणी केली?"

मास्तर म्हणजे शिंपी. गल्लीतली लहानथोर माणसं त्यांना मास्तरच म्हणत. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानाच्या मागच्या भागात त्यांच्या बायकोचं भरतकामाचं मशीन होतं आणि त्याच्या शेजारी हा कॉम्प्युटर. ती कॉम्प्युटरवर चित्र काढायची, आणि मशीन ते चित्र दोऱ्याने कापडावर भरायचं. शाळेचे बिल्ले, हॉटेलच्या टॉवेलवरची नावं, कोणाच्या खिशावर फूल. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या आजारपणात तिची आई मदतीला येऊन राहिली होती, ती तशीच राहिली. जावई राहा म्हणाला नाही, आणि सासू जाते म्हणाली नाही. दोघं सकाळी चहावरून भांडत आणि संध्याकाळी बातम्यांवरून. मधला वेळ कसा घालवायचा ते दोघांनाही नीटसं कळत नव्हतं. म्हणून मास्तर शिवत बसत आणि सासूबाई मुलीच्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळत.

पत्ते खेळतानाच एक लाल चौकट आली. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला आहे. बाहेर काढू का?' असं तिच्यात लिहिलं होतं. सासूबाईंनी 'हो' दाबलं.

"चोर काढू का विचारल्यावर नको कोण म्हणेल?" त्या अजूनही विचारत.

चौकट पाठवणारा स्वतःच चोर होता. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. त्या दिवसापासून पडद्यावर जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. वजन कमी करा, नशीब उघडा, लग्न जमवा. सासूबाईंना लग्नाच्या जाहिराती फार येत आणि त्या मोठ्याने वाचून दाखवत. शेवटी मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी कोणीतरी सांगितलेला सफाईचा प्रोग्रॅम घातला. त्याने लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, काय करू? कापडाला कसर लागली तर ती जेवढी दिसते त्याच्या चार बोटं पलीकडून कापायचं, ही मास्तरांची आयुष्यभराची रीत. त्यांनी 'सगळं पुसा' दाबलं. पुन्हा सुरू केला, तेव्हापासून हे सुस्वागतम. हात दाखवून अवलक्षण.

एरवी मास्तरांनी तो कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला असता. पण दुपटं अर्धं होतं.

मास्तरांच्या मुलीला बाळ होणार असं कळलं, तेव्हा बायकोने दुपट्याला हात घातला होता. त्यावर प्राण्यांची मिरवणूक. सगळ्यात पुढे ढोल घेतलेलं अस्वल, त्यामागे छत्री धरलेलं बदक, मग चष्मा लावलेली मांजर. मांजरीच्या शेपटीपर्यंत काम आलं आणि ती दवाखान्यात गेली. पुढे नुसतं पांढरं कापड. मिरवणूक भर रस्त्यात थांबल्यासारखी दिसायची. उरलेले प्राणी कॉम्प्युटरमध्ये होते. कोणते, ते मास्तरांना माहीत नव्हतं. अर्धवट चित्र ती कोणालाही दाखवत नसे. आणि रविवारी मुलगी बाळाला घेऊन पहिल्यांदा घरी येणार होती.

चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने कॉम्प्युटर पाहून सांगितलं होतं, "सगळं पुसून नवीन भरावं लागेल."

"चित्रं?"

"चित्रं काढून देतो की. पण ती उघडायचा प्रोग्रॅम नाही मिळायचा. ती कंपनीच बंद पडली, काका. नुसती चित्रं घेऊन काय करणार?"

मास्तरांनी कॉम्प्युटर काखेत मारला आणि घरी आणला. मग त्यांना दुरुस्तीवाल्या बाई आठवल्या. पोस्टाच्या बोळात त्यांचं टेबल होतं. त्यांच्या सगळ्या पॅन्ट्स मास्तरांनीच आखूड केलेल्या, कारण बाई उंचीला बेताच्या आणि आवाजाला चौपट.

शनिवारी सकाळी बाई आल्या. पिशवी ठेवली, पासवर्ड टाकायला लावला, सुस्वागतम पाहिलं, बाहेर पडणं पाहिलं आणि खूश झाल्या.

"अरे वा!"

"वा काय?" मास्तर म्हणाले. "इथं माझा जीव टांगणीला लागलाय."

"मास्तर, डॉक्टरला ओळखीचा रोग दिसला की बरं वाटतं. असं बघा, तुम्ही पासवर्ड टाकलात की कॉम्प्युटर एका पहारेकऱ्याला हाक मारतो. तो आतलं दार उघडतो, दिवे लावतो, मग तुम्हाला तुमचं सगळं दिसतं. आजींनी ज्याला आत घेतलं—"

"मी घेतलं नाही. तो आला."

"बरं, जो आला, त्याने पहारेकऱ्याचं नाव खोडून तिथं स्वतःचं नाव लिहिलं. म्हणजे रोज तुमच्याआधी तो आत. मास्तरांनी त्याला पुसून टाकला, छान केलं. पण कॉम्प्युटर अजून त्याच्याच नावाने हाका मारतोय. ओ द्यायला कोणी नाही. कोणी ओ देत नाही म्हटल्यावर तो घाबरतो आणि बाहेरचं दार लावून घेतो."

"आणि खरा पहारेकरी?" मास्तरांनी विचारलं.

"आहे की आत. धडधाकट आहे. त्याला कोणी बोलावतच नाही."

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना त्याची खरोखर कणव आली.

बाईंनी पिशवीतून एक सीडीची तबकडी काढली. तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू केला की दाराशी न जाता मागच्या खिडकीतून आत डोकावता येतं, असं त्या म्हणाल्या. पण तबकडी घालायचा कप्पा बाहेर येईना. बटण दाबलं की आतून नुसता कण्हल्यासारखा आवाज यायचा.

"किती वर्षं उघडला नाही हा?"

"तिलाच ठाऊक," मास्तर म्हणाले.

"इथं बारीक भोक दिसतंय? त्यात काहीतरी खुपसायला हवं. सरळ, पातळ, न मोडणारं."

"ते तुम्ही शिंप्याच्या दुकानात विचारताय?" मास्तरांनी गोधडीची सुई आणली. सुई भोकात गेली, कट्ट झालं आणि कप्पा जीभ काढल्यासारखा बाहेर आला. जिभेवर सासूबाईंच्या आवडत्या नाटकाची तबकडी होती.

"ही इथं आहे होय! आणि मी तीन घरं पालथी घातली!" सासूबाईंनी ती पदराला पुसून जपून ठेवली. त्यांच्यापुरतं काम फत्ते झालं होतं.

बाईंनी आपली तबकडी घातली आणि सगळ्यात आधी चित्रं एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. काही बिघडलंच तर निदान ती हातात राहावीत. मग त्या आत शोधू लागल्या. पडद्यावर आता आभाळ नव्हतं, नुसत्या पांढऱ्या ओळी होत्या. मास्तर त्यांच्या खांद्यावरून बघत होते. काही कळत नव्हतं, पण बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"सापडलं. चोराचं नाव सापडलं. इथून मला ते वाचता येतंय, पण खोडता येत नाही. खोडायला आत जायला हवं, आणि आत जायला आधी ते खोडायला हवं."

"म्हणजे घोडं अडलं."

"अडलं कशाला? हाक बदलता येत नाही, पण माणसाचं नाव बदलता येतं. खऱ्या पहारेकऱ्यालाच आपण चोराचं नाव देऊ. कॉम्प्युटर चोराला हाक मारेल, ओ हा देईल."

मास्तर सरळ उभे राहिले. "हे मला पटत नाही, ताई. इतकी वर्षं इमानाने राबलेल्या माणसाला चोराचं नाव?"

"कायमचं नाही हो. आत जाण्यापुरतं. आत गेलं की नाव खोडायचं, मूळचं लिहायचं, आणि हे टाकून द्यायचं."

मास्तरांनी विचार केला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"धावदोरा!"

"काय?"

"अहो, कोट शिवताना बाही आधी कच्च्या टाक्याने जोडतात. वेडावाकडा, भडक रंगाचा दोरा. कोणी बघितलं तर म्हणेल, शिंपी प्यायलाय. पक्की शिलाई बसली की तो ओढून काढायचा. मग करा. आधीच नाही का सांगायचं?"

"मला कुठं माहीत होतं तुम्हाला कोटाच्या भाषेत कळतं ते," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तबकडी काढली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आभाळ आलं. मास्तरांनी पासवर्ड टाकला. सुस्वागतम. तिघं पडद्याकडे वाकली.

'बाहेर पडत आहे.'

मास्तर खाली बसले. शेजारी दुपट्याची घडी होती, तिच्यावर त्यांनी हात ठेवला. सासूबाईंनी टोमणा मारायच्या ऐवजी घडीची निसटलेली कड आत दुमडली.

"एक सांगू?" मास्तर म्हणाले. "मी हाताने भरतो उरलेलं. एखादं फूल वगैरे. बाळाला काय कळतंय?"

"बाळाला नसेल कळत," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या आईला कळेल. आणि माझी लेक मिरवणुकीत फूल चालवायची नाही. फुलाला पाय असतात का?"

बाई पडद्याकडे बघत नखं चावत होत्या. एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "गाढव आहे मी. त्याला वेगळ्याच खोलीत उभा केलाय. हाक एका खोलीत जातेय आणि हा बसलाय दुसऱ्या खोलीत! चहा टाका, आजी. चहा होईपर्यंत होतंय का नाही बघा."

तबकडी पुन्हा आत गेली. पांढऱ्या ओळी आल्या, टकटक झाली, तबकडी बाहेर आली. आभाळ. पासवर्ड. या वेळी मास्तरांचं बोट चुकीच्या कळीवर पडलं आणि पुन्हा टाकावा लागला. सुस्वागतम.

पाटी राहिली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग पाटी गेली आणि तिच्या जागी बायकोचा पडदा आला. मागे शिंप्याच्या कात्रीचं चित्र, त्यावर तिने लावून ठेवलेल्या छोट्या छोट्या खुणा, सगळ्या डाव्या कडेला दाटीवाटीने. उजवी बाजू ती नेहमी मोकळी ठेवायची.

"आई, चहा राहू द्या, इकडे या!" मास्तर ओरडले.

"आले! ओरडता काय, मी काय बहिरी आहे?" त्या बहिऱ्याच होत्या थोड्या.

बाईंनी चोराचं नाव खोडलं, मूळचं लिहिलं, उरलेसुरले धागे उसवून काढले. दोनदा बंद करून सुरू केला. दोन्ही वेळा कॉम्प्युटरने या म्हटलं आणि घरात घेतलं. जाताना बाईंनी सासूबाईंना बजावलं, "लाल चौकट आली तर काय करायचं?"

"जावयाला हाक मारायची."

"आणि मास्तर, तुम्ही?"

"काही पुसायचं नाही. तुम्हाला हाक मारायची."

दुपारी मास्तरांनी दुपटं मशीनच्या रिंगणात ताणून बसवलं, मांजरीची शेपूट होती तिथं खूण जुळवली आणि चित्र सोडलं. मशीन खडखडलं, थांबलं, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर एक रंगाचा चौकोन उमटला. ह्या रंगाचं रीळ लावा, असा त्याचा अर्थ. तपकिरी लावलं. ससा उतरू लागला. सशाच्या गळ्यात कॅमेरा होता. सासूबाई स्टूल ओढून जवळ बसल्या आणि प्रत्येक टाक्याला मान डोलवू लागल्या. पांढरा, काळा, पुन्हा तपकिरी. मशीन रंग मागायचं, मास्तर रीळ बदलायचे.

ससा पुरा झाला. सगळ्यात शेवटचा प्राणी आला. मशीनने आधी काळ्या दोऱ्याची रेघ मारली. लांब कान, जाड पाय, खाली गेलेलं तोंड.

"गाढव," सासूबाई म्हणाल्या. "मिरवणुकीत हवंच एखादं."

मशीन थांबलं आणि अंग भरायला रंग मागितला. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"जांभळा."

"कसला जांभळा?"

"वांग्याच्या सालीचा असतो तसला. चुकलं असेल. गाढव कधी जांभळं असतं का? राखाडी लावतो."

"तिनं जांभळा लिहिलाय ना?"

"लिहिलाय हो. पण काही रीत आहे की नाही? अस्वल काळं, बदक पांढरं, ससा तपकिरी, सगळे शहाण्यासारखे. आणि एकटं गाढव जांभळं! मला दाखवलं असतं तर मी तिला तेव्हाच सांगितलं असतं."

"मग काय झालं असतं?"

काय झालं असतं ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तिने ऐकून घेतलं असतं, हो हो म्हटलं असतं आणि जांभळंच केलं असतं.

त्यांनी रिळांचा डबा उपडा केला. निळा निघाला, गुलाबी निघाला, राखाडी तर चार-चार छटांचा. जांभळा नव्हता. मशीन आपला चौकोन लुकलुकवत वाट पाहत होतं.

"दोऱ्याचं दुकान शनिवारी लवकर बंद होतं," सासूबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला." मास्तरांनी चपला पायात सरकवल्या आणि दुपट्याचा कोपरा रंग जुळवायला म्हणून हातात घेतला. मग लक्षात आलं, की जुळवायला तिथं अजून रंगच नाही. तो सोडून दिला. "मशीनला हात लावू नका. काही विचारलं तर हो म्हणू नका."

"जा हो!"

मास्तर निघाले. दुकानाच्या मागच्या भागापासून रस्त्यापर्यंत ते बायकोशी भांडत होते, जांभळं गाढव, म्हणे जांभळं गाढव, आणि दुकान बंद होण्याआधी पोचायचं म्हणून पळतही होते.