आईची पायरी

मी एक जुना कॅम्पर आहे, मित्रांनो. कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायची छोटीशी खोली. माझ्यात शेगडी आहे, टेबल आहे, झोपायला जागा आहे. माझ्याखाली ट्रक मात्र आता नाही. अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या चँडलर गावी एका घराच्या अंगणात मी चार लोखंडी पायांवर उभा आहे आणि माझ्यात कोळी नांदतात. हसू नका, माझेही चांगले दिवस होते!

१९८१ साली उल्हासने मला एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाकडून घेतलं. उल्हास मूळचा नागपूरचा, इथे कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची बायको नीला आणि सात वर्षांची दीपा. म्हाताऱ्याने त्याला जाता जाता सांगितलं, "कॅम्पग्राउंडच्या गर्दीत राहू नकोस. सरकारी जंगलात कच्च्या रस्त्याने आत जा आणि आपली जागा आपण शोध."

झालं! उल्हासला नादच लागला. दर शनिवारी सकाळी तो जंगलखात्याचा नकाशा मांडीवर पसरून बसायचा आणि नीला ड्राइव्ह करायची. रस्ता अरुंद झाला की तो उतरून पायी पुढे जायचा. वळायला जागा आहे का, फांद्या माझ्या डोक्याला लागतील का, आधी कुणी मांडलेले चुलीचे दगड आहेत का, सगळं बघून यायचा. नवी चूल मांडून जमीन जाळायची नाही, हा त्याचा नियम होता. एकदाच त्याने पुढे न बघता नीलाला गाडी आत घालायला सांगितली. हा माझ्या कपाळावरचा पोचा तेव्हाचा. रिव्हर्समध्ये मैलभर मागे येताना नीला म्हणाली, "आता तूच चालव यार, मला नाही जमत!"

१९८३च्या जूनमध्ये त्यांना ती जागा सापडली. उत्तरेकडच्या डोंगरावर, उंच पाइन वृक्षांमध्ये, अगदी कड्याच्या काठाशी सपाट जमीन होती. समोर खाली नुसतं जंगलच जंगल, निळं होत गेलेलं. इतकी ठिकाणं पाहिली मी, पण तसं दुसरं नाही पाहिलं.

"डॅड, कॅन वी स्टे हिअर? प्लीज?" दीपाने विचारलं.

"नाही बेटा. इथला पहिला मुक्काम आजीबरोबर," उल्हास म्हणाला. पेढ्यांचा पुडा आधी देवापुढे ठेवतात ना, तशी त्याने ती जागा आईसाठी राखून ठेवली. मग आम्ही दुसरीकडे राहिलो.

आईचं नाव शरयूबाई, त्या नागपूरलाच असायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून उल्हासने माझ्या दारासाठी लाकडाची रुंद, तीन पावलांची पायरी केली आणि तिला धरायला कठडा बसवला. आत खालच्या बाकाचा बिछानाही केला. दीपा एकदा त्या पायरीवर चढली, तर ओरडा खाल्ला बिचारीने. ती आईची पायरी होती, मला तिचा केवढा अभिमान!

पण आईंचं येणं लांबत गेलं. कधी पासपोर्ट अडला, कधी घरातलं लग्न निघालं. शेवटी १९८५च्या नोव्हेंबरात त्या आल्या. फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना परत जायचं होतं. आणि डोंगरावर बर्फ पडून तो रस्ता बंद झालेला! ॲरिझोनात हिवाळाच बरा, असं आईंना कळवताना उल्हासला खाली वाळवंटातली हवा तेवढी आठवली होती.

"अरे, मग जवळच कुठंतरी ने ना," आई म्हणायच्या. "मला या गाडीतून एकदा फिरायचंय."

"आई, जवळचं काय बघायचं? पुढच्या उन्हाळ्यात ये, तुला एकदम बेस्ट जागा दाखवतो."

एका रविवारी सकाळी उठून त्यांनी प्रवासाला म्हणून दशम्या केल्या. शाल पांघरली, बूट घातले, कठड्याला धरून तीन पावलं चढल्या आणि डबा मांडीवर घेऊन माझ्यात बसून राहिल्या. मला पाठीवर घेऊन ट्रक घरापुढच्या ड्राइव्हवेवर उभा होता. उल्हास बाहेर आला आणि हसला. "आई, रस्ता बंद आहे गं!"

"बरं, मग इथंच चहा आण," त्या म्हणाल्या. चौघांनी माझ्यात बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. दुपारी त्या खालच्या बिछान्यावर पडल्या, खिडकीतून शेजारच्या घराची भिंत बघत. "छान आहे रे," म्हणाल्या. मला चाकं असती ना मित्रांनो, मीच त्यांना घेऊन गेलो असतो!

मे महिन्यात नागपूरहून फोन आला. आई गेल्या.

जूनमध्ये रस्ता उघडला आणि आम्ही त्या जागी गेलो. ट्रक थांबताच उल्हासने नकळत माझ्या दाराशी पायरी लावली. कठड्याला धरून तो नुसताच उभा राहिला. मग खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "ती जवळच ने म्हणत होती गं नीला. मी ऐकलं नाही."

दीपा त्याच्या शेजारी बसली. "शी लाइक्ड द ड्राइव्हवे, डॅड," ती हळूच म्हणाली. त्यावर तो आणखीच रडला. आम्ही तिथे मुक्काम केला नाही.

पुढे ट्रक विकला गेला. माझा पत्रा गंजतोय, छत गळतंय. मला कुणी दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी शाल पांघरून, डबा घेऊन तयार बसलं असेल, तर त्यांना आजच न्या. रस्ता जिथवर उघडा असेल, तिथवर न्या.

पायरी अजून माझ्या दाराशीच आहे. तिच्यावर आई एकदाच चढल्या आणि एकदाच उतरल्या.