दोराच्या मागच्या टोकाला

माझा हॉर्न बंद पडून बरीच वर्षं झाली, म्हणून हे असं बोलावं लागतंय. मी गाडी. चार दारांची, एके काळी दुधी रंगाची, आता नेमक्या कुठल्या रंगाची ते माझं मलाच सांगता येणार नाही. माझ्याकडे बघून हळहळू नका. हळहळणारी माणसं मी पोतंभर बघितलीत. ती येतात, बॉनेटवर थाप मारतात, "काय गाडी होती हो!" म्हणतात, टायरला एक लाथ घालतात आणि चालू लागतात. टायरला लाथ का घालतात हे मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलेलं नसावं.

जन्माची हकिकत थोडक्यात उरकते. एका लांबलचक कारखान्यात पट्ट्यावरून सरकत सरकत मी गाडी झाले. कुणी दार बसवलं, कुणी काच, कुणी नुसतेच नट आवळले. त्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी आपापलं काम नीट केलं. तक्रार आहे ती पुढच्यांबद्दल.

मला विकत घेतलं एका नर्सबाईने. ती प्रसूतिगृहात कामाला होती आणि सगळे तिला सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. बाई कामाची होती, हे कबूल करते. दर रविवारी बॉनेट उघडून तेल बघायची, पाणी बघायची, तेलाची दांडी बँडेजच्या जुन्या तुकड्याने पुसायची. सकाळी ड्यूटीला निघताना मी सुरू व्हायला कुरकुर केली, तर अडलेल्या बाईला म्हणावं तसं मला म्हणायची, "चल गं बाई, थोडा जोर लाव." आणि मी लावायची.

तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना जवळचं-लांबचं नीट दिसावं म्हणून दिवसभर भिंगं बदलून देणारा माणूस, पण डॅशबोर्डवरचा काटा त्याला जन्मात कधी दिसला नाही. मी घरात आले तेव्हापासून त्याचा माझ्यावर डोळा होता. फक्त निमित्त हवं होतं.

ते सिस्टरनेच दिलं. एकदा गाडी मागे घेताना तिने मला फाटकाच्या खांबाला घासलं. ओरखडा माझ्या अंगावर आणि कळवळा याला! अंगणात उभा राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुझ्याने हे होणार नाही. आण ती किल्ली इकडे."

आणि तिने दिली. लगेच दिली! बाळंतिणींच्या आरडाओरडा करणाऱ्या नवऱ्यांना दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढणारी ही बाई, स्वतःच्या नवऱ्यापुढे हात पुढे करून किल्ली देऊन मोकळी झाली. त्या दिवशी ती माझ्या मनातून उतरली. दुसऱ्या दिवसापासून ती दोन बस बदलून ड्यूटीला जाऊ लागली, आणि मी दुकानासमोर शोभेला उभी राहू लागले.

चष्मेवाल्याने माझी फार बडदास्त ठेवली असं त्याला वाटायचं. चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने तो माझे आरसे पुसायचा. गिऱ्हाईक आलं की किल्ली काउंटरवर आपटून ठेवायचा. बॉनेट मात्र कधी उघडलं नाही. माझ्या पोटात पाणी आहे की नाही याची त्याला फिकीर नव्हती. एका दुपारी त्याच्या थोरल्या भावाच्या लाकडाच्या वखारीकडे जाताना काटा लाल रेघेच्या पार गेला, बॉनेटमधून वाफा निघाल्या, तरी हा गडी "आलंच की आता" म्हणत मला रेटत राहिला. वखारीच्या फाटकात मी जी बंद पडले, ती पडलेच.

खाली उतरून त्याने जाहीर केलं, "गाडीच खराब निघाली."

मला ढकलत ढकलत शेडच्या कोपऱ्यात नेलं. पुढच्या आठवड्यात मिस्त्री आणतो म्हणाला. त्याचा तो पुढचा आठवडा अजून उजाडायचा आहे. वखारीतल्या लोकांनी आधी माझ्या टपावर एक फळी ठेवली, मग दहा ठेवल्या. आरशांवर त्यांचे घामेजलेले बनियन वाळू लागले. भुसा खिडकीच्या फटीतून आत येऊन सीटवर साचला आणि उंदरांनी त्यात संसार थाटले. सिस्टर अधूनमधून जावेला भेटायला यायची, तेव्हा शेडमध्ये डोकावायची. काचेवरचा भुसा तळहाताने पुसायची आणि परत जाताना विचारायची, "अहो, गाडीचं काय करायचं?"

"बघू," तो म्हणायचा.

त्या 'बघू'वर माझे चारही टायर बसले. मी म्हणायची, बाई, अगं एकदा तरी आवाज चढव! पण ती बसची वेळ झाली म्हणून निघून जायची.

मग दोन गोष्टी एकदम घडल्या. थोरल्याने वखार बंद करायचं ठरवलं, आणि सिस्टर निवृत्त झाली. शहराबाहेर ज्या नव्या वस्त्या झाल्यात तिथे बस जात नाही. तिथल्या बाळंतिणींना घरी जाऊन तपासायचं, बाळाला अंघोळ कशी घालायची, दूध कसं पाजायचं ते शिकवायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. एका डॉक्टरीणबाईंनी तसं काम द्यायचं कबूलही केलं होतं, पण स्वतःचं वाहन असेल तरच.

"मला गाडी लागणार आहे," ती शेडमध्ये उभी राहून नवऱ्याला म्हणाली. "ही घरी नेऊया. दुरुस्तीचं मी बघते."

"या वयात गाडी चालवणार तू?"

"तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे मी."

ती थोरल्या दिरांना काहीतरी विचारायला आत गेली. चष्मेवाला माझ्या टपावर कोपर टेकून उभा राहिला आणि त्याने फोन लावला. माझ्या कानाशीच बोलत होता म्हणा ना. "हां, आजच आणतो. उतारावरचंच ना तुमचं भंगारचं आवार? फाटक उघडं ठेवा, मी टेम्पोसकट थेट आत घेतो. बायको बरोबर आहे, पण तिची काळजी नको. एकदा आत गेली की मी समजावतो तिला."

ऐकलंत? हा माणूस बायकोच्याच हाताने मला भंगारात पोचवणार होता, कारण समोरासमोर नाही म्हणायची त्याच्यात धमक नव्हती. मला तेव्हा एकदाच हॉर्नची आठवण झाली. असा ठणाणा केला असता की अख्खी वखार गोळा झाली असती.

टायरमध्ये हवा भरली. गंजून धरलेली चाकं हातोड्याने ठोकून मोकळी केली. लाकडाचे ओंडके बांधायचा जुना दोर काढला आणि एक टोक थोरल्याच्या टेम्पोला, दुसरं माझ्या पुढच्या हुकाला बांधलं. याला ड्रायव्हर लोक टोचन म्हणतात. टेम्पोत कोण बसणार हे विचारायचीही गरज नव्हती. चष्मेवाला आधीच आत बसून आरसा नीट करत होता, म्हणजे आरशात स्वतःला बघत होता.

"हे बघ," तो खिडकीतून डोकं काढून बायकोला म्हणाला, "गाडी मी नेतोय. तू मागे नुसतं बसायचं आणि स्टेअरिंग धरायचं. ब्रेकला अजिबात पाय लावायचा नाही. झटका बसून दोर तुटेल."

"अरे, भलतंच काय सांगतोस?" थोरला म्हणाला. "मागच्याने हलका ब्रेक देत दोर ताठ ठेवायचा असतो. तू थांबलास तर ती कशी थांबेल?"

"दादा, मला कळतं."

तेवढं एकच वाक्य त्याला छान पाठ होतं. दोराने ओढता येतं, थांबवता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. पुढचा नुसता जोर लावतो, पण दोन्ही गाड्यांचा जीव असतो मागच्याच्या पायात. याने सगळं खरं काम बायकोच्या पायात दिलं आणि वर तिला काम नाही असं सांगून पुढे बसला.

पहिल्याच गतिरोधकाला त्याने कचकन ब्रेक मारला. मी सुसाट त्याच्या पाठीवर निघाले. सिस्टरने पेडल दाबलं, ते खाली गेलं. पुन्हा दाबलं, मग दोन्ही पायांनी दाबलं, तेव्हा कुठे मी टेम्पोच्या मागे वीतभर अंतरावर थांबले.

"ब्रेक लावू नको म्हणून सांगितलं होतं ना!" तो पुढून ओरडला. "ऐकायचं म्हणून नाही!"

सिस्टरने ऐकून घेतलं. नेहमीप्रमाणे. पण तिथून पुढे तिचा पाय पेडलवरून हलला नाही. वळण आलं की आधीच थोडा दाब द्यायची, चढाला सोडायची, दोर कुठे सैल पडू दिला नाही. माझं जड स्टेअरिंग ओढताना तिच्या कपाळावरून घाम गळत होता. पुढे चष्मेवाल्याला वाटलं, प्रवास सुरळीत चाललाय तो आपल्या कसबाने. बेटा शीळ वाजवत होता!

मग उतार सुरू झाला. उताराच्या मध्यावर डाव्या हाताला ते भंगारचं आवार, आणि घर सरळ खाली, पायथ्याच्या पलीकडे. टेम्पोचा डावा दिवा लुकलुकू लागला.

"इकडे कुठे वळताय?" सिस्टर स्वतःशीच म्हणाली.

मग तिला फाटक दिसलं, सताड उघडं. एक माणूस हात हलवून टेम्पोला आत बोलावत होता. त्याच्यामागे गाड्यांवर गाड्या रचल्या होत्या, कुणाला दार नाही, कुणाला छप्पर नाही. सगळ्यात वरच्या गाडीची डिकी उघडी होती. सिस्टरने ते सगळं नीट बघून घेतलं.

"असं होय," ती म्हणाली.

आणि दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून ती सीटवरून अर्धी उठलीच. माझी चाकं जागच्या जागी थांबली. दोर ताठला, करकरला, टेम्पो मागे खेचला गेला. चष्मेवाल्याने शहाणपणा करून आणखी जोर दिला आणि दोर मधोमध तुटला. टेम्पो उडी मारल्यासारखा फाटकातून आत घुसला. हात हलवणाऱ्या माणसाने बाजूच्या टायरांच्या ढिगावर उडी घेतली.

सिस्टरने ब्रेकवरचे पाय उचलले.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इंजिन नाही, हॉर्न नाही, दिवे नाहीत, तरी मी उतारावरून निघाले, माझी मी, आणि स्टेअरिंगवर जिच्या नावावर मी आहे ती बाई. तिने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि वॉर्डातला आवाज लावला. "बाजूला व्हा! हॉर्न नाही गाडीला! शिडीवाले, तिकडे काय बघताय, बाजूला व्हा!" माणसं पटापट फुटपाथवर चढली. एक अख्खी बस तिच्या ओरडण्याने जागेवर थांबली. इतक्या वर्षांनी आवाज चढला होता, तो मनसोक्त चढला.

पायथ्याशी केस कापायच्या दुकानासमोर उतार संपला आणि मी थांबले. आतून माणसं बाहेर आली, एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता. सवयीप्रमाणे दोघांनी माझ्या टायरला लाथ घातली.

"काकू, ढकलायची का?"

"ढकला," सिस्टर म्हणाली. "पण कुणी शिकवू नका."

तेवढ्यात टेम्पो आला, मागे तुटका दोर फरफटत. चष्मेवाला उतरून धावत आला. घाबरला होता, पण गर्दी बघून त्याने आव आणला. "अगं, दोर तुटला ते कळलं नाही का तुला?"

"तुटला नाही. मी तोडला."

"मी फक्त... तिथे एकदा दाखवून घेऊ म्हटलं..."

"दाखवून झालं. आता टेम्पो दादांना परत देऊन या. घरी चालत या, म्हणजे मला काय सांगायचं ते ठरवायला तुम्हाला वेळ मिळेल."

साबणवाला हसला. चष्मेवाला साबणवाल्याकडे बघत राहिला, मग टेम्पोत जाऊन बसला. मला त्याची दया यायला हवी होती का? नाही आली.

आता मी घरासमोर उभी असते. मिस्त्रीने माझं पोट उघडलं, अर्धं बदललं, आणि काल मी खोकत खोकत सुरू झाले. सिस्टरवरचा माझा राग पूर्ण गेलेला नाही. एवढी वर्षं लागली बाई, एक ब्रेक दाबायला! पण निदान दाबला. तुमच्या दारात अशी एखादी उभी असेल तर तिच्यावर कापड पांघरून तिला घरातलं माणूस वगैरे म्हणू नका. चालवा, नाहीतर जो चालवेल त्याच्या हातात किल्ली द्या. कोरडं प्रेम आम्हाला नको, हवा आणि पाणी द्या.

आज सकाळी सिस्टर पहिल्या बाळंतिणीकडे निघाली. इंजिनचा आवाज ऐकून चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. माझ्या पलीकडच्या दारापाशी उभा राहिला. हँडल ओढून बघितलं, दार आतून बंद होतं. तो वाकला, काचेतून आत बघितलं आणि म्हणाला, "दुकानापर्यंत येऊ का मी?"

विचारलं त्याने. मी नीट ऐकलं, त्याने विचारलं.

सिस्टरने आरसा नीट केला, गियर चाचपला आणि घाई न करता म्हणाली, "पुढच्या सीटवर माझी बॅग आहे. मागे बसा."

तो मागे बसला. मागची काच खाली होत नाही. झाली असती, तरी मी होऊ दिली नसती.