एक्स्पायर्ड

कोणत्या गुन्ह्याला न्यायाधीशांनी साधारण किती शिक्षा द्यावी, याची तत्त्वं ठरवणाऱ्या लंडनच्या एका सरकारी कार्यालयात निवेदिता मसुदे लिहायची. बेफिकीर ड्रायव्हिंगने झालेल्या मृत्यूंचा मसुदा हातात आला, तेव्हा तिची आई नुकतीच गेली होती. स्टॅनमोरला, झेब्रा क्रॉसिंगवर. रजेवरून येताच तिने वरिष्ठांना सांगितलं, आणि तिला त्या कामावरून काढून जाळपोळीच्या मसुद्यावर बसवलं. नियमच तसा होता. तिला तो पटतही होता.

तिच्या वडिलांना, मुरलीधररावांना, पटत नव्हता.

"तू आत बसलेली, आणि मी बाहेरून अर्ज करू? घरात वैद्य, आणि काढा बाजारातून?"

"अर्ज नाही हो, बाबा. मसुद्यावर कोणीही मत कळवू शकतं."

"कोणीही. म्हणजे मी."

त्यांचा राग एका ओळीवर होता. ड्रायव्हरचं लक्ष क्षणभरच ढळलं असेल, तर दोष सगळ्यात कमी धरावा, अशी ती ओळ. तेवढी काढा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते त्यांनी मुलीला न दाखवता, आपल्या इंग्रजीत लिहून पाठवलं.

आलेली मतं नावं झाकून वाचली जात, आणि ओळीच्या बाजूने की विरोधात, अशी वेगळी केली जात. हे काम शेजारच्या टेबलावरच्या रूथकडे होतं. एका दुपारी ती खुर्ची वळवून म्हणाली, "तुझं काम नाही हे, पण एकच वाक्य सांग. 'माय वाइफ एक्स्पायर्ड ॲट द क्रॉसिंग.' बायकोचं लायसन्स संपलं होतं का? म्हणजे हा ड्रायव्हरचा नवरा ना? मी बाजूने धरतेय. नाहीतर बाई काय दुधाच्या बाटलीसारखी एक्स्पायर होते?"

निवेदिताचे हात कीबोर्डवरच राहिले. गप्प बसली असती, तर बाबांचं मत त्या ओळीच्याच बाजूने मोजलं गेलं असतं.

"एक्स्पायर्ड म्हणजे वारली," ती म्हणाली. हा शब्द तिने अजून कुठल्याच भाषेत उच्चारला नव्हता. "आमच्याकडे आपल्या माणसाला मेली म्हणवत नाही. म्हणून इंग्रजीतही..." मग ती सावरली. "रूथ, ते माझे वडील आहेत. पुढचं मला वाचून दाखवू नकोस. दुसऱ्या कोणाला दे."

रूथचा चेहरा उतरला. "मी ते बाटलीचं..."

"असू दे."

मत विरोधात धरलं गेलं. तशी बरीच होती. तरी पानगळीच्या दिवसांत अंतिम तत्त्वं आली, तेव्हा ती ओळ जागच्या जागी होती.

"माझं वाचलं का त्यांनी?" मुरलीधररावांनी विचारलं.

"वाचलं, बाबा. नीट वाचलं."

"इंग्रजी चुकलं असेल कुठेतरी."

"नाही हो."

"मग का ठेवली ती ओळ?"

"कधीकधी खरंच क्षणच असतो. त्याला आणि फोनवर बोलत गाडी हाकणाऱ्याला एकाच मापाने कसं मोजणार?"

"तू असतीस तिथे, तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते जमलं नाही.

"ठेवली असती."

मुरलीधरराव उठले. कुकरखालचा गॅस बंद करून पाठमोरेच उभे राहिले.

"बरं," ते म्हणाले. "आईला नको सांगूस हं. लागेल तिला."

निवेदिताने भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं, आणि ती ताटं घ्यायला उठली.